इंजनघरातली बाराखडी

आमच्या बॉयलरला कुणीतरी पोपटी रंग दिला आहे.

भाचीच्या वास्तुशांतीला जालन्याला गेले होते. पंगतीत बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, की नदीकाठच्या जुन्या जिनिंगमध्ये आता गावाच्या इतिहासाचं संग्रहालय झालंय. माझा हात भातावरच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली आणि कुणाला न सांगता निघाले. ऐंशी ओलांडलेल्या बाईला एकटीनं कुठं जाऊ देत नाहीत, म्हणून न सांगता.

दारातच खरात सर भेटले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. हे सगळं त्यांनीच चार मित्रांना हाताशी धरून उभं केलेलं. "मावशी, जपून या, उंबरा उंच आहे," ते म्हणाले. उंबरा उंच आहे हे मला ठाऊक होतं. त्याच उंबऱ्याला ठेचकाळून माझा पुढचा दात पडला होता; दुधाचा होता म्हणून बरं.

आत सगळं नीटनेटकं मांडलेलं. कापसातून सरकी वेगळी करणारा एक रेचा, गाठी ओढायचे लोखंडी आकडे, निजामाच्या वेळची नाणी, कुणाच्या तरी घरचं जातं, गावाचे पिवळे पडलेले फोटो. आणि मधोमध तो, पोपटी. पाटी लावली आहे : "येथे कापसावर प्रक्रिया केली जात असे." बरोबरच आहे म्हणा. मी बॉयलरवर हात ठेवला, तसे सर घाईनं म्हणाले, "मावशी, रंग ताजा आहे." तळहात पोपटी झाला. मी तो पुसला नाही.

फक्त एक गोष्ट तिथं नव्हती. वास. भिंतींना चुना दिलेला, फरशी घासलेली, आणि ताज्या रंगाशिवाय वास कशालाच नाही. मी डोळे मिटून उभी राहिले, तेव्हा कुठं तो हळूहळू आला.

आधी सरकीचा आला. तेलकट, जरासा गोड, दाण्याच्या कुटासारखा. मग दगडी कोळशाचा, जो घशात बसतो. मग यंत्रावर घातलेल्या एरंडेलाचा आणि ओल्या गोणपाटाचा. आणि या सगळ्यांच्या खाली, आई जवळ आली की यायचा तो, तिच्या पदरातल्या भाकरीचा आणि मिश्रीचा.

माझे वडील या इंजनघराचे मिस्त्री होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे हसनाबादकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. शेत सोडून इंजिनाकडे कसे आले ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. बॉयलर पेटवायचा, वाफ धरायची, इंजन चालवायचं, भोंगा द्यायचा, हे त्यांचं काम. आईला मी माय म्हणायची. ती शेजारच्या लांब खोलीत रेच्यावर बसायची. पन्नास बायका ओळीनं बसून रेच्यांना कापूस भरवायच्या, एका अंगाला रुई पडायची, दुसऱ्या अंगाला सरकी. सुटी झाली की त्या पन्नासजणी बाहेर यायच्या तेव्हा सगळ्यांचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. आणि अण्णा यायचे कोळशानं काळेभोर. दोघं घरी चालत निघाले की आमची गल्ली हसायची. माय म्हणायची, "हासा, हासा. तुमच्या घरात दिवस आन रात एका टायमाला येत न्हाई, आमच्या येती."

दिवाळी सरली की हंगाम सुरू. घनसावंगीकडून, टेंभुर्णीकडून कापसाच्या गाड्या यायच्या. गाड्यांची रांग नदीच्या उतारापर्यंत जायची. बैल सोडलेले, गाडीवान कापसाच्या ढिगावरच झोपलेले, चुलींचा धूर, कडब्याचा खमंग वास, आणि वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांत अडकून सगळ्या बाभळी फुलल्यासारख्या दिसायच्या. आम्ही पोरी तो काट्यातून वेचून आणायचो आणि बाहुल्यांच्या गाद्या भरायचो. माझ्या बाहुलीच्या गादीसारखी मऊ गादी मला स्वतःला अजूनपर्यंत मिळालेली नाही.

आणि हंगामाच्या आधी एक दिवस असा यायचा, की ज्याची सगळी गल्ली वाट बघायची. पावसाळाभर थंड पडलेला बॉयलर अण्णा चाचणीसाठी नेमका नरकचतुर्दशीला पेटवायचे. तशी परवानगी शेठजींनीच दिलेली. शेठजी म्हणजे जिनिंगचे मालक, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घरातले, पांढऱ्या पगडीचे, थोडं बोलणारे. तर त्या पहाटे इंजनघरामागच्या हौदात कढत पाणी पडायचं आणि सगळी गल्ली, मुसलमान घरांतली पोरंसुद्धा, घागरी-बादल्या घेऊन हजर. तेल, उटणं, वाफ, किंचाळ्या. वाफेत कोण कुणाच्या पोराला घासतंय ते दिसायचं नाही. एकदा मायनं शेजारणीच्या पोराला दोनदा आंघोळ घातली आणि मी कोरडीच राहिले.

अण्णांना गल्लीत मान होता तो मात्र इंजनामुळं नव्हता. ते वाचत.

लहानपणी ते निजामाच्या राज्यातल्या शाळेत गेले होते, आणि तिथं शिकवायचं ते उर्दूत. अण्णा उर्दू चौथी झालेले. आमच्या घरासमोर एक चपटा दगड होता. रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून त्या दगडावर बसायचे आणि लोक कागद घेऊन यायचे. कचेरीची नोटीस, जमिनीचा उतारा, हैद्राबादला गेलेल्या मुलाचं पत्र. अण्णा आधी कागद डोळ्यांसमोर धरून सगळा मनात वाचत, मग हनुवटी वर करून मराठीत सांगत. वाईट बातमी असली तर आधी पाणी मागवत. कागद वाचून झाला की घडी पहिल्यासारखी घालून दोन्ही हातांनी परत देत. मी शेजारी बसून ते बघायची आणि मला वाटायचं, आपले अण्णा शेठजींपेक्षा मोठे.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं तेव्हा मी चार वर्षांची होते. मला काही आठवत नाही. आठवतं ते पुढचं. गल्लीच्या टोकाला मराठी शाळा उघडली, मी पाटी घेऊन जाऊ लागले, दुकानांच्या पाट्या एकेक करून बदलल्या. आणि रविवारी दगडाभोवतीची माणसं कमी कमी होत गेली. कागद आता मराठीत येत होते. अण्णा तरीही धुतलेली टोपी घालून बसायचेच. कुणी आलं नाही की अडकित्ता काढून सुपारी कातरत बसायचे, जसं काही त्यासाठीच बसलेत.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एका रविवारी मागच्या गल्लीतली कौसाबाई आली. तिचा मुलगा पलटणीत होता. तिनं पत्र पुढं केलं. अण्णांनी ते घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि बराच वेळ तसेच बसले. मी जवळच होते. मला दिसलं, की पत्र उलटं धरलंय.

"नजर जरा कमी होऊन राह्यली," अण्णा म्हणाले. "चष्मा न्हाई ना. ए बाई, वाच गं तू."

मी खडाखडा वाचलं. मुलाला बढती मिळाली होती, थंडी फार होती, आईनं लोणचं पाठवावं. कौसाबाईनं माझ्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि गेली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर प्रत्येक कागदाला "चष्मा न्हाई." गल्लीत बोभाटा झाला, की मिस्त्रींचे डोळे गेले. बायका मायला सांगायच्या, गाजर खायला घाला, डोळ्यांत मध घाला. माय हो हो म्हणायची. तिला सगळं माहीत होतं; पण ती नवऱ्याच्या अब्रूवरून पदर ढळू देणारी नव्हती. ही बोलवा जाता जाता शेठजींपर्यंत पोचली. ते मुंबईला गेले होते, येताना त्यांनी अण्णांसाठी चष्मा आणला. काळ्या काड्यांचा, मखमली डबीत. सगळ्या कामगारांसमोर स्वतःच्या हातानं त्यांनी तो अण्णांच्या नाकावर बसवला.

"मिस्त्री, डोळा बिघडला तर माझं इंजन बिघडलं," ते म्हणाले. "आता दिसतं ना बराबर?"

"बिलकुल, शेठजी," अण्णा म्हणाले आणि वळताना समोरच्या खांबाला धडकले.

चष्मा कुणा म्हाताऱ्या माणसाच्या नंबराचा होता. अण्णांचे डोळे तर घारीसारखे. पण आता तो घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते मान खाली घालून चष्म्याच्या वरून बघायला शिकले. त्यामुळं ते सगळ्यांकडं रागानं बघतायत असं वाटायचं, आणि रेच्यावरच्या बायका उगाच जास्त काम करायच्या.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हंगामाआधीची गोष्ट. मुनीमजी एक कागद घेऊन इंजनघरात आले. नवे बॉयलर इन्स्पेक्टर पाहणीला येणार होते. आतापर्यंत अण्णा इंजनघराची रोजची वही उर्दूत लिहीत. आता ती मराठीत लिहायची, आणि बॉयलरच्या माणसानं नियमांची पाटी साहेबांसमोर स्वतः वाचून दाखवायची. वाचता येत नसेल तर बॉयलर दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

"तुम्हाला काय अडचण," मुनीमजी म्हणाले. "चष्मा तर मिळाला."

त्या दिवशी मी दुपारची भाकर घेऊन गेले, तेव्हा अण्णा बॉयलरकडं बघत बसले होते. भाकरी सोडली नाही. मग म्हणाले, "बाई, किती रोज लागतात गं?"

"कशाला?"

"शिकाया."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मी म्हटलं, "तुम्ही गृहपाठ केला तर दीड महिना."

बॉयलरशेजारी कोळशाची रास आणि समोर चुन्याची भिंत. पाटी-पेन्सिल विकत घ्यायची गरजच नव्हती. भाकर द्यायला येते म्हणून मी रोज दुपारच्या सुटीत शाळेतून पळत यायची आणि भिंतीवर कोळशानं अक्षर काढायची. इंजनघरात तिसरा माणूस एकच, हुसेनभाई. भट्टीत कोळसा टाकायचं काम त्यांचं. अण्णांचे वीस वर्षांचे जोडीदार. त्यांना कुठलीच लिपी येत नव्हती आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. ते फावड्यावर हनुवटी टेकवून आमची शाळा बघायचे.

पहिल्याच दिवशी अण्णांनी "कमळ" लिहिलं ते "ळमक" झालं. त्यांचा हात उजवीकडून डावीकडं पळायचा. मी हात धरून डावीकडून न्यायची, सोडला की परत उजवीकडं. चार दिवस हेच. मी चिडले, "अण्णा, किती वेळा सांगायचं?" हे वाक्य आमच्या गुरुजींचं होतं, मला ते म्हणायला फार आवडायचं.

"क्या मिस्त्री," हुसेनभाई म्हणाले, "इंजन उल्टा चलाते क्या तुम? पानी इधर से जाता, भाप उधर से निकलती. वैसाच लिखो ना."

अण्णा एकदम थांबले. मग त्यांनी भिंतीवर आधी एक लांब आडवी रेघ मारली. "हा मेन पाइप," ते म्हणाले. "इस्टीम हिकडून आत गेली. आता एकेक वॉल लटकवायचा." व्हॉल्व्हला ते वॉल म्हणायचे. आणि त्या रेघेखाली त्यांनी डावीकडून एकेक अक्षर टांगलं. त्या दिवसानंतर अण्णांचं अक्षर कधी उलटं पळालं नाही. जन्मभर ते आधी रेघ ओढायचे, मग अक्षरं लटकवायचे.

जोडाक्षरांनी मात्र छळलं. "हे दोन वॉल एकामेकात काहून घुसिवलेत?" ते वैतागून विचारायचे. घ आणि ध, भ आणि म यांत रोज गोंधळ. आणि गंमत अशी, की हुसेनभाईंचा कधीच गोंधळ झाला नाही. कोऱ्या मनाचा माणूस, फावड्यावर टेकून नुसतं बघून बघून शिकत होता. एक दिवस अण्णा "भाकर"ला "माकर" म्हणाले, तसा मागून आवाज आला, "भ है मिस्त्री, भ. माथा खुला है, दिखता नहीं? चश्मा निकालो." आम्ही तिघं इतके हसलो, की शेजारच्या खोलीत हंगामासाठी रेचे झाडत असलेली माय काय झालं ते बघायला आली. भिंत बघितली. माझ्या बोटांचा कोळसा बघितला. मग अण्णांना म्हणाली, "मास्तरीण मारती का?"

"अजून तर न्हाई," अण्णा म्हणाले.

"मंग हळू शिकून राह्यलात तुमी," ती म्हणाली आणि गेली. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरीबरोबर माझ्यासाठी गुळाचा खडा येऊ लागला. मला पगार सुरू झाला, असं मी मैत्रिणींना सांगितलं.

त्या दीड महिन्यात मला माझे वडील जसे मिळाले तसे पुन्हा कधी मिळाले नाहीत. ते रस्त्यानं पाट्या वाचत चालायचे, ओठ हलवत. एकदा बाजारात मोठ्यानं "शु–द्ध तू–प" म्हणाले आणि दुकानदारानं डबा उचलून समोर ठेवला. आम्ही तूप न घेताच पळालो. खरोखर पळालो, अण्णा टोपी धरून पुढं आणि मी मागं.

साहेब आले तो दिवस. बॉयलर अजून थंडच, पाणी काढून ठेवलेला. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, पांढरा शुभ्र सदरा आणि पँट, हातात टॉर्च आणि छोटी हातोडी. शेठजी आले, मुनीमजी आले. मी शाळा बुडवून हुसेनभाईंच्या शेजारी उभी. अण्णा चष्मा घालून पाटीसमोर उभे राहिले. नवी पाटी, मुद्दाम रंगवून आणलेली, मला आदल्या दिवसापर्यंत दिसलीच नव्हती.

अण्णांनी सुरुवात केली. "बॉयलरजवळ..." आणि थांबले. चष्म्यातून सगळं धुकं. मान खाली घालून वरून बघावं, तर पाटी उंचावर. घाम आला. मी मनातल्या मनात अक्षरं ढकलत होते. शेठजी हळूच म्हणाले, "सावकाश, मिस्त्री."

अण्णांनी चष्मा काढला. घडी करून डबीत ठेवला. ती डबी दोन्ही हातांनी शेठजींपुढं धरली.

"शेठजी, माझे डोळे चांगले हायत," ते म्हणाले. "पहिल्यापासून चांगले हायत. मला मराठी वाचता येत न्हव्हतं. सांगायची शरम वाटली. तुमाला खोटं बोल्लो. आता शिकून राह्यलो. ही पोरगी माझी मास्तर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हुसेनभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेठजींचा चेहरा मला कळला नाही, पण त्यांनी डबी घेतली आणि म्हणाले, "मग वाचा आता."

अण्णांनी मागं हात बांधले. एकेक अक्षर लटकवल्यासारखं वाचू लागले. "अ–न–धि–कृ–त" असं म्हणून श्वास घेतला. "व्यक्तींनी" तीन वेळा अडलं, चौथ्यांदा सुटलं. पुढची ओळ बरी गेली. मग "सुरक्षा झडप". वाचलं, आणि वळून साहेबांना विचारलं, "साहेब, वाचलं तर बराबर. पण ही झडप म्हंजे काय असती?"

साहेब बघतच राहिले. "अहो, ती तुमच्या डोक्यावरच आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह."

"हात्तिच्या!" अण्णा म्हणाले. "हिला तर मी वीस वर्सांपासून रोज तेल घालून राह्यलो!"

शेठजींना हसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पगडी हलत होती.

साहेबही हसले. पण ते कामाचे माणूस होते. हसू आवरून त्यांनी फळीवर कागद ठेवला. बॉयलरचे जुने कागद राज्य बदलताना हैद्राबादलाच राहिले होते, त्यांच्याकडं काहीच नव्हतं. बाहेरून ठाकठोक करून त्यांनी दाबाचा आकडा लिहायला घेतला. "एकशे वीसपर्यंत चालवायला हरकत नाही," ते म्हणाले.

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. आवाज एकदम वेगळा. "शंभरच्या वर न्यायचा न्हाई. आतल्या नळाला मागच्या अंगानं ठिगळ मारलेलं हाय."

"मला तर दिसलं नाही. कागद आहे का?"

अण्णांनी फळीवरच्या वह्या काढल्या. लाल पुठ्ठ्याच्या, तेलानं पारदर्शक झालेल्या. एक उघडून पान काढलं आणि साहेबांपुढं धरलं. साहेबांनी वही घेतली, बघितली, आणि हळूच कान खाजवला. सगळं उर्दूत.

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी ओळखलं. तीच तऱ्हा मी रविवारी दगडावर बघितली होती. अण्णांनीही ओळखली असणार. कारण त्यांनी साहेबांच्या हातातली वही अलगद घेतली, डोळ्यांसमोर धरून आधी मनात वाचली, मग हनुवटी वर केली आणि सांगू लागले. कुठल्या महिन्यात नळ गळायला लागला, हैद्राबादहून कोण कारागीर आला, ठिगळ केवढं, रिवेट किती, आणि त्या वेळच्या साहेबानं काय हुकूम दिला. न अडखळता, झऱ्यासारखं.

साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या, टॉर्च घेतली आणि बॉयलरच्या भोकातून आत शिरले. आतून हातोडीचे आवाज येत राहिले. टण, टण, टण, आणि मग एक बोदा आवाज. बाहेर आले ते नखशिखान्त काळे, फक्त डोळे पांढरे.

"आहे," ते म्हणाले. "बरोबर तिथंच आहे." मग अण्णांकडं बघून म्हणाले, "मिस्त्री, माझी पाटी तुम्ही वाचलीत. तुमची वही मला वाचता आली नाही. आता कुणाला नापास करू?"

बॉयलर अण्णांकडंच राहिला. अट एकच घातली साहेबांनी : पुढच्या पावसाळ्यात सगळ्या जुन्या वह्या मराठीत उतरवून द्यायच्या. माय गरम पाणी आणि साबण घेऊन आली आणि तिनं साहेबाला हौदावर हातपाय धुवायला लावले. "पाठ राहिली," असं तिनं सांगितलं, तेव्हा साहेब लाजले.

पुढचा पावसाळाभर आम्ही वह्या उतरवल्या. अण्णा वाचायचे, मी लिहायची. बाहेर पाऊस, बॉयलर गार, रेचे झाकलेले. उंदरांची खुडबुड आणि अण्णांचा आवाज. वहीत रोज एकच मजकूर. तारीख, कोळसा रेल्वेच्या कुठल्या वाघिणीतून आला, आणि शेवटी "पाणी बराबर, दाब बराबर." निजामाच्या अमलात महिन्यांची नावंही निराळी होती, आजर, दै, बहमन. मला ती फार आवडायची, परीकथेतल्या राजपुत्रांसारखी. वीस वर्षं, रोज पाणी बराबर, दाब बराबर. लिहून लिहून माझी बोटं दुखायची आणि मी पेंगायला लागायची.

अशाच एका दुपारी अण्णा एका सुरात वाचत होते. "बहमन महिना. कोळसा ओला. माल कमी. घरी मुलगी झाली, माय-लेक खुशाल. पाणी बराबर, दाब बराबर."

आणि पान उलटून पुढं वाचू लागले.

माझा टाक थांबला. आमच्या घरात जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. शाळेत सगळ्यांची एक जून घालत तशीच माझी घातलेली. "अण्णा," मी म्हटलं, "ही मुलगी कोण?"

"कोन म्हंजे?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "तूच की. लिव जल्दी, पान खराब व्हईल."

"पण हे बॉयलरच्या वहीत कशाला लिहिलं?"

अण्णांनी जरा विचार केला. "दुसरी वहीच न्हव्हती," ते म्हणाले. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "आन त्या दिशी मोठी बातमी तीच व्हती ना."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, सगळ्या काना-मात्रांसकट. घरी मुलगी झाली, माय-लेक खुशाल.

हे सगळं मी खरात सरांना त्या पोपटी बॉयलरशेजारी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं. त्यांनी मध्येच मोबाईल काढून माझा आवाज भरून घेतला. मी थांबले तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच, "मावशी, त्या वह्या! त्या वह्या कुठं आहेत? काचेच्या पेटीत ठेवू, दिवा लावू वरून!"

मी त्यांना सांगितलं, ते खरं तेच. विजेची मोटार आली, इंजन बंद झालं, अण्णा घरी बसले. मग कधीतरी इंजनघर रिकामं केलं तेव्हा उर्दू वह्या आणि माझ्या हातच्या मराठी, सगळ्याच रद्दीत गेल्या. रद्दी घेतली ती स्टेशनाजवळच्या फुटाणेवाल्यानं. मी तेव्हा सासरी होते.

सरांचं तोंड एवढंसं झालं. इतिहासाच्या माणसाला रद्दी म्हणजे घरातला मृत्यू. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं.

"असं बघा सर," मी म्हटलं, "हिवाळ्याचे दिवस असतील. कुणीतरी गाडीची वाट बघत फलाटावर उभं असेल. त्याला माझ्या जन्माच्या पानाची पुडी मिळाली असेल. गरमागरम फुटाणे, वरून तिखट-मीठ. खाऊन झाल्यावर त्यानं पुडी उलगडून वाचली असेल, लोक वाचतातच. घरी मुलगी झाली, माय-लेक खुशाल. त्याला वाटलं असेल, कुणाची असेल बुवा? पण वाचून बरंच वाटलं असेल की नाही?"

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "मावशी, फुटाणे खाणार?"

"हो," मी म्हटलं. "चला."